हिरवा ठिपका आणि गोठ्यातला गोऱ्हा

तालुक्याच्या दुकानांत आता 'व्हीगन' छापलेली बिस्किटं दिसतात, दुधासारखी दिसणारी सोयाची आणि बदामाची पाकिटं दिसतात. पुण्याला शिकायला गेलेली पोरं सुट्टीत घरी आली की बिनदुधाचा चहा मागतात. घरातल्या आजोबांना प्रश्न पडतो: आपण माळकरी, आपल्या घरात मांस कधी शिजलं नाही, मग या पोरांचं नवीन काय?

प्रश्न रास्त आहे. आधी पाकिटावरचा ठिपका पाहू. हिरवा ठिपका एवढंच सांगतो की आत मांस, मासळी, अंडं नाही. दूध, तूप, मध असू शकतं. व्हीगन म्हणजे त्याच्या एक पाऊल पुढे: दूध, दही, तूप, मध, प्राण्याकडून आलेलं काहीच नाही. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली त्यासाठी वेगळे नियम केले आणि हिरव्या रंगात व्ही अक्षराचं वेगळं चिन्ह ठरवलं. सोयाच्या पांढऱ्या रसाला पाकिटावर 'दूध' म्हणता येत नाही, तेही याच प्राधिकरणाच्या व्याख्येमुळे. घरी मात्र सगळे सोयादूधच म्हणतात, इथेही तेच म्हणू.

तिसरा शब्द प्राणीकल्याण. जनावराला पोटभर चारापाणी आहे का, ऊनपावसाला आडोसा आहे का, दुखण्यावर इलाज होतो का, अंग हलवायला जागा आहे का आणि ते भीतीशिवाय जगतं का, हे पाच प्रश्न म्हणजे प्राणीकल्याण. आजोबांचं ताट शाकाहारी आहे यात शंका नाही. पण शाकाहारी ताट आणि जनावराला त्रास न होता आलेलं ताट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या कशा, हे समजायला गोठ्यात जावं लागतं.

गाय दूध केव्हा देते?

शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण शहरातल्या अनेकांना वाटतं की गाय झाडाला फळ यावं तशी दूध देतच असते. गाय व्याली तरच दूध देते. गाय साधारण सव्वानऊ महिने गाभण असते, म्हैस दहा महिन्यांच्या वर. व्याल्यावर दहाएक महिने दूध, त्याच काळात पुन्हा रेतन, मग विण्याच्या आधी साठ दिवस आटवायचं आणि पुन्हा वेत. दूध चालू ठेवायचं तर वेत चालू ठेवावं लागतं.

आणि वेतागणिक निम्मी शक्यता गोऱ्ह्याची. सहा वेतं धरली तर एका गाईमागे सरासरी तीन गोऱ्हे. पूर्वी हे तीन गोऱ्हे म्हणजे कमाई होती. वर्ध्याकडची गवळाऊ गाय मुळात चपळ बैलांसाठीच नावाजलेली. गोऱ्हा मोठा झाला की बंडीला, वखराला, डवऱ्याला. पोळ्याला त्याच्या खांद्याला तूप-हळद लावायची ती उगीच नव्हे.

आता वावरात ट्रॅक्टर आला. संकरित गाईचा गोऱ्हा कामालाही नीट चालत नाही: त्याला वशिंड जवळपास नसतं, त्यामुळे जू खांद्यावर ठरत नाही, आणि अकोल्या-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत तो लवकर धापा टाकतो. गाय आणि तिचं वासरू कापायला राज्यात १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने ती वळू आणि बैलालाही लागू झाली. म्हशीचा रेडा तिच्यात येत नाही.

म्हणजे गोऱ्ह्याला विकत घेणारं कोणी नाही, कामाला लावणारं कोणी नाही, आणि खायला तर रोज लागतं. मग त्याचं काय होतं, हे कुठल्याही गावात दिसतं. त्याला आचळाला कमी लावलं जातं आणि पहिल्या दोन महिन्यांतच तो हगवणीने किंवा निमोनियाने जातो. वाचला तर दोरी सोडून देतात. मोकाट जनावरं रात्री दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरतात, रस्त्यावर ट्रकखाली येतात, गोरक्षण संस्था भरून वाहतात.

त्यात चाऱ्याची भर. विदर्भात ज्वारीचं वावर कमी होत गेलं आणि त्या जागी सोयाबीन आलं. ज्वारी दाण्यासोबत कडबा द्यायची. सोयाबीनचं कुटार जनावर कडब्यासारखं आवडीने खात नाही. पीक बदललं तेव्हा गोठ्याचं गणितही बदललं, हे फार थोड्या लोकांनी मोजलं.

इथे दोष एकट्या गोठेवाल्यावर टाकणं अन्यायाचं होईल. दुधाला भाव गाईच्या खर्चाएवढा मिळत नसताना गोऱ्ह्याचा खर्च तो कुठून काढेल? पण दूध पिणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

हे शहरी फॅड आहे का?

हा वाद वर्ध्यात जुना आहे. गांधीजींनी १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेत असताना, दूध सोडलं होतं. कलकत्त्याकडे 'फुंका' नावाची रीत होती: गाईच्या योनीत फुंकर घालून बळजबरीने पान्हा सोडवायचा. ते कळल्यावर त्यांना गाई-म्हशीचं दूध नको झालं. पुढे १९१८ च्या मोठ्या आजारपणानंतर ते शेळीच्या दुधावर आले आणि १९३६ पासून वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहतानाही शेळीचंच दूध घेत. दुधाला वनस्पतीतला पुरेसा पर्याय आपल्याला सापडला नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मांडलं. त्यात एक मोठा धागा शास्त्राचा होता, त्याकडे पुढे येऊ. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवापुढच्या बळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तनं केली. तेव्हा जनावराच्या हालाचा विचार विदर्भाला कोणी पाकिटातून आणून दिलेला नाही.

फुंका आजही गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या बाराव्या कलमात तो आणि पान्ह्यासाठी दिलेलं अपायकारक इंजेक्शन, दोन्ही येतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. त्याच कायद्यातल्या अकराव्या कलमात मारहाण, उपाशी ठेवणं, कोंबून नेणं यांना पहिल्या वेळी दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वीचे पन्नास रुपये अजून पन्नासच आहेत. मोटारसायकलच्या हँडलला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या बाजाराच्या दिवशी उघड्यावर फिरतात, त्याचं एक कारण हे.

दूध सोडायचं नसेल तर?

बहुतेक घरं सोडणार नाहीत, आणि ज्यांचा संसार दुधावर चालतो त्यांना सोडा म्हणणं सोपं नाही. पण गोठ्यात बदलता येण्यासारखं खूप आहे.

पहिलं चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं काही नसतं. ते सगळं चिकातून येतं, आणि वासराचं आतडं ते फक्त पहिल्या चोवीस तासांत शोषू शकतं. तासागणिक ते दार बंद होत जातं. वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक द्यायचा: पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. गाईची वार (जार) पडायची वाट पाहत वासराला ताटकळत ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे. खरवस करायचा तो वासराचं पोट भरून उरलेल्या चिकाचा. गोऱ्हा असला तरी.

दुसरं, लिंगनिश्चित रेतमात्रा, म्हणजे कालवड व्हावी म्हणून वेगळं काढलेलं वीर्य. तिने शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात, म्हणजे नकोसा गोऱ्हा जन्मालाच कमी येतो. गाभण राहण्याचं प्रमाण साध्या मात्रेपेक्षा थोडं कमी असतं, म्हणून ती धडधाकट कालवडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गाईला वापरावी, आणि माज ओळखण्यात चूक करू नये: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

तिसरं पाणी. दुधाळ गाय एरवी चाळीस ते साठ लिटर पिते, मे महिन्यात ऐंशीच्याही वर. दिवसातून दोनदा बादली दाखवली म्हणजे झालं, असं नाही. पाणी सावलीत आणि चोवीस तास समोर हवं.

अंड्याला तर गोऱ्हा नसतो

असतो, फक्त दिसत नाही. अंड्यांसाठीची कोंबडी आणि मांसाची कोंबडी या दोन वेगळ्या जाती. अंड्याच्या जातीचा नर ना अंडं देतो ना पटकन वाढतो, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी त्याला मारतात. मादी पिंजऱ्यात जाते. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी पिंजऱ्यात दर कोंबडीला निदान ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवली. शाळेत प्रकल्पासाठी वापरतात तो ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. कागदापेक्षा कमी जागेत कोंबडी पंख पसरू शकत नाही, माती उकरू शकत नाही.

ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या जातीचं पिल्लू, चाळीस ग्रॅमचं येतं आणि सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातं. मांस वाढतं तेवढ्या वेगाने पायाची हाडं वाढत नाहीत, म्हणून शेवटच्या आठवड्यात अनेक पक्षी बसूनच असतात. परसातल्या गावरान कोंबडीचं जिणं याहून पुष्कळ बरं. अंडी खायचीच असतील तर ती परसातली खावी, हे सरळ उत्तर आहे.

आपलं सोयाबीन खातं कोण?

शंभर किलो सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघतं. उरलेली पेंड, व्यापारी जिला डीओसी म्हणतात, तिच्यात निम्म्याच्या जवळपास प्रथिनं असतात. प्रथिनं म्हणजेच प्रोटीन, अंगाचं मांस बांधणारा भाग. ही पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. दोन किलोची ब्रॉयलर व्हायला साडेतीन किलोच्या आसपास खाद्य लागतं, आणि सोलून हाती येतं दीड किलोच्या आत, हाडांसकट. वावरातलं प्रोटीन कोंबडीच्या पोटातून फिरून आलं की मोठा भाग तिच्या चालण्या-श्वासात, पिसांत, विष्ठेत संपतो. पीक आपलं, भाव पडला की रडणं आपलं, आणि तोच दाणा घरच्या चुलीवर मात्र क्वचित चढतो. वनस्पती-आधारित आहाराची गोष्ट विदर्भासाठी इथून सुरू व्हावी असं आम्हांला वाटतं, बदामाच्या पाकिटापासून नव्हे.

ताकद कुठून येणार?

प्रोटीन वीस प्रकारच्या कड्यांच्या साखळ्यांनी बनतं. त्यांतल्या नऊ कड्या शरीराला स्वतः करता येत नाहीत, खाण्यातूनच याव्या लागतात. बंडीला जुंपलेली जोडी आठवा: एक बैल कमजोर असला की बंडी त्याच्याच चालीने चालते. ज्वारीत लायसिन नावाची कडी कमजोर, डाळीत ती भरपूर. डाळीत मेथिओनिन कमजोर, ज्वारीत ते बरं. भाकर आणि वरण एका दिवसात पोटात गेले की जोडी सारखी होते. एकाच घासात जायला हवेत असंही नाही.

आता हिशेब. पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रोटीन लागतं, पासष्ट किलोच्या पुरुषाला ५४. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींतून १५ ग्रॅम, साठ ग्रॅम तुरीच्या डाळीतून १३, झुणक्याच्या चाळीस ग्रॅम बेसनातून ८-९, मूठभर म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून ७, दोन चमचे जवसाच्या चटणीतून अडीच-तीन. बेरीज ४६ च्या घरात, दुधाचा थेंब न घेता.

चुकतं कुठे? वरणात. पाच माणसांच्या पातळ वरणात एक वाटी डाळ शिजते तेव्हा माणशी तीस ग्रॅमही येत नाही, आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला नुसतं वरचं पाणी. साठ ग्रॅम म्हणजे कोरडी डाळ, मोजून. डाळभाजी, पातोडी, मुगाचं किंवा बरबटीचं घट्ट आळण, हे आपले पदार्थ त्यासाठीच चांगले. भंडारा-गोंदियाकडच्या लाखोळी डाळीबद्दल मात्र सावध: महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडू शकतात. खायचीच तर भरपूर गरम पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, आणि कधीमधी.

कॅल्शियमची काळजी रास्त आहे, दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं. शंभर मिलिलिटर दुधात १२० च्या आसपास, तर शंभर ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर. शेवगा बांधावर फुकट येतो. पालकावर भिस्त ठेवू नका. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. भाजीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं.

जिथे वनस्पती कमी पडतात

बी१२ हे जीवनसत्त्व झाड तयार करत नाही, गायही करत नाही. ते जिवाणू करतात. गाईच्या पहिल्या पोटात, जिथे चारा आंबतो, तिथे हे जिवाणू राहतात आणि त्यांनी केलेलं बी१२ दुधात उतरतं. माणसाच्या शरीरात हे जिवाणू आतड्याच्या शेवटी, शोषण्याची जागा ओलांडून गेल्यावर असतात, म्हणून उपयोग होत नाही. हाच तो धागा: बी१२ शास्त्रज्ञांना वेगळं करता आलं ते १९४८ साली. गांधीजी पर्याय शोधत होते तेव्हा या पदार्थाला नावसुद्धा नव्हतं.

यकृतात याचा साठा काही वर्षं पुरतो. त्यामुळे दूध सोडल्यावर पहिली दोन वर्षं माणूस ठणठणीत असतो आणि "मला काही झालं नाही" म्हणतो. मग हातापायांना मुंग्या, जीभ लाल होऊन जळजळ, थकवा, विसराळूपणा. उशीर झाला तर नसांची हानी भरून येत नाही. आंबील, इडलीचं पीठ, न धुतलेली भाजी, यांवर विसंबता येत नाही. दूध-अंडं पूर्ण बंद असेल तर बी१२ ची गोळी हवीच: रोज दहा मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा दोन हजार, डॉक्टरांना विचारून. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी रक्त तपासून घ्यावं, कारण त्या औषधाने बी१२ आणखी कमी होतं.

लेकरांच्या ताटातलं अंडं

इथे आमचं मत स्पष्ट आहे. मेळघाटात, गडचिरोलीत ज्या लेकराचं वजन भरत नाही त्याच्या ताटातलं अंडं काढू नये. आदिवासी भागात राज्याची अमृत आहार योजना गरोदर बायांना गरम जेवण आणि लहान मुलांना अंडी देते, त्यामागे कारण आहे: लहान पोटात थोड्या घासांत जास्त पोषण जायला हवं, आणि डाळ-भाकर फुगून पोट लवकर भरते. आहार बदलायचा तो ज्याच्यापुढे निवड आहे त्याने. एक वर्षाच्या आतल्या बाळाला घरचं सोयादूध आईच्या दुधाऐवजी कधीच देऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने दूध बंद करण्याआधी बी१२ ची सोय करावी.

आणि शेणखत? ते लागणारच. पण शेण देण्यासाठी गाय सतत व्यालेली असावी लागत नाही. बैल आणि भाकड गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देतात, गोऱ्हा वयाप्रमाणे कमी. दुधाची मागणी जरा उतरली म्हणून उकिरडा रिकामा होत नाही.

सोयादूध आणि पनीर घरी

दाणा घ्यायचा तो खाण्यासाठी राखलेला. बियाण्याची पिशवी उरली म्हणून तिच्यातला दाणा कधीच घेऊ नका. त्यावर थायरमसारखं बुरशीनाशक लावलेलं असतं, गुलाबी-लाल रंग त्यासाठीच असतो, आणि धुऊन ते जात नाही. बुरशी लागलेला, पावसात भिजून काळा पडलेला दाणाही नको.

पाव किलो सोयाबीन आठ-दहा तास भिजवा. उन्हाळ्यात सहा तास पुरतात, आणि मधे एकदा पाणी बदला, नाही तर आंबतं. चोळून सालं काढा. मग दाणे उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका. ही पायरी गाळली की घरचे म्हणतात "वास येतो": दाणा थंड पाण्यात वाटला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) तेलाला हवेशी भिडवतं आणि कच्च्या शेंगेसारखा उग्र वास धरतो. उकळीने ते विकर मरतं. नंतर गरम पाण्यानेच वाटा, एकूण दोन लिटर पाणी, आणि धोतराच्या दुहेरी फडक्यातून पिळून गाळा.

गाळलेलं दूध उकळी आल्यावर पंधरा-वीस मिनिटं ढवळत शिजवायचं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो शिजल्यावरच निष्प्रभ होतो. अर्धकच्चं प्यायलं तर पोट बिघडतं. भांडं दुप्पट मोठं घ्या, फेस फार चढतो, आणि तळ लागतो.

पनीरसाठी दूध उतरवून पाच मिनिटं थांबा. लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून हळू ओता, दोनदाच ढवळा, झाकून पंधरा मिनिटं ठेवा. रस जास्त झाला किंवा जोरात ढवळलं तर चुरा होतो आणि आंबट लागतो. दूध पातळ किंवा कोमट असेल तर गोठतच नाही. फडक्यात घेऊन एक किलो वजनाखाली अर्धा तास दाबा. पाव किलो दाण्याचं साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅम पनीर होतं. पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये, पाणी रोज बदलत, तीन दिवस टिकतं. फ्रीज नसेल तर त्याच दिवशी तर्रीच्या रश्शात टाकून संपवा. सावजी मसाला त्याला चांगला लागतो. लिंबाने लावलेल्या पनीरात कॅल्शियम वाढत नाही, ते शेवग्याच्या पाल्यातूनच घ्यायचं.

फडक्यात उरलेला चोथा टाकायचा नाही. तो गाळतेवेळी पुरता शिजलेला नसतो, म्हणून आधी थोड्या पाण्यात पंधरा मिनिटं शिजवा, मग ज्वारीच्या पिठात मिसळून धपाटे करा, किंवा बेसन घालून वड्या. तरीही उरला तर गोठ्यात, ढेपेत कालवून, पण सकाळी केलेला दुपारच्या आत. एप्रिल-मेमध्ये तो चार तासांत आंबतो आणि गोऱ्ह्याला हगवण लागते.